संदेशवहनाच्या जाळ्यातील दोष-शोधन आणि राखीव व्यवस्था

संदेशवहनाच्या जाळ्यात बिघाड होणारच, हे गृहीत धरून त्याची रचना केलेली असते. प्रत्येक केंद्र आपल्या यंत्रणेची अखंड तपासणी करीत असते. एखादा भाग निकामी झाल्याचे आढळताच त्याचे काम राखीव भागाकडे सोपविले जाते. प्रकाशतंतूंच्या वलयाकार जाळ्यात एक बाजू तुटल्यास, दोष आढळल्यापासून ५० मिलिसेकंदांच्या आत संदेश विरुद्ध दिशेने वळावेत, अशी अपेक्षा असते. बोलणाऱ्यांना त्याची चाहूलही लागत नाही.

मात्र राखीव व्यवस्था असणे आणि ती मूळ दोषापासून अलिप्त असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील ए. टी. अँड टी. कंपनीच्या लांब पल्ल्याच्या दूरध्वनी-जाळ्यात या भेदाचा प्रत्यय आला. न्यूयॉर्क येथील एका केंद्राला किरकोळ बिघाड जाणवला. नियमानुसार त्याने इतर केंद्रांना नवी संभाषणे न पाठविण्याची सूचना दिली, ४ ते ६ सेकंदांत स्वतःला पूर्वस्थितीवर आणले आणि पुन्हा कामास प्रारंभ केला. येथवर सारे यथायोग्य होते.

हे केंद्र पूर्ववत झाल्याची नोंद शेजारचे केंद्र करीत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, त्याच्याकडून दुसरा संदेश येऊन थडकला. सुमारे महिन्याभरापूर्वी बसविलेल्या सुधारित आज्ञावलीतील एका चुकीमुळे अशा वेळी संगणकाच्या स्मृतीतील माहिती बिघडत असे. शेजारच्या केंद्राने हा बिघाड अचूक ओळखला, बाधित भाग बंद केला व राखीव भाग कामास लावला. परंतु त्याचीही आज्ञावली तीच होती. संदेशांची पुढील जोडी येताच तोही थांबला. मग ते केंद्र स्वतःला पूर्वस्थितीवर आणू लागले आणि त्याच्या पुनरागमनाने त्याच्या शेजाऱ्यांवर तोच प्रसंग ओढवला. ११४ केंद्रांच्या जाळ्यात ही लाट सुमारे ९ तास फिरत राहिली. या काळात जवळजवळ निम्मी संभाषणे जोडली गेली नाहीत.

या घटनेत एकही तार तुटली नव्हती. दोष-शोधन चोख झाले, राखीव यंत्रही वेळेवर पुढे आले. तार तुटणे हा एका स्थळापुरता अपघात असतो. आज्ञावलीतील चूक मात्र तिच्या प्रत्येक प्रतीत वसत असते. पाठचिकित्सकांस हा भेद परिचित आहे. एकाच प्रतीवरून उतरविलेल्या दहा पोथ्या मूळचा प्रमाद दहा वेळा सांगतात. तो उघड होतो स्वतंत्र परंपरेतील एखाद्या पोथीमुळे. म्हणूनच नवी आज्ञावली सर्व केंद्रांवर एकदम न बसविता टप्प्याटप्प्याने बसविणे आणि जुनी हाताशी राखणे, हाही राखीव व्यवस्थेचाच भाग ठरतो.