५२ वजा २७ बरोबर ३५?

असं उत्तर लिहिणाऱ्या पोराला 'चूक' म्हणून अजून दहा गणितं देऊन काय हशील? त्यानं एककात ७ मधून २ वजा केले; अडलंय ते दशक सुटा करण्यात. धाराशिवच्या मुलांसाठी मोफत ऑनलाइन अभ्यास आखतोय, त्यात हेच हवंय: चूक ओळखून एक पायरी मागं नेणारी प्रश्नमाला.

साहित्याला तोटा नाही. शेजारच्या सोलापुरात परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं. २०१७ पासून सरकारचं 'दीक्षा' पोर्टल आहे. पण व्हिडिओ सगळ्यांना एकच! शिवाय मोबाइल बापाबरोबर रानात जातो. म्हणून ही प्रश्नमाला संध्याकाळी, रेंज नसतानाही चालली पाहिजे.

गुरुजी, बाई, तिसरी-चौथीच्या वह्यांतल्या अशा चुका पाठवा. मुलांची नावं मात्र नकोत.