माडाचा वैद्य

कोकणात नारळाच्या झाडाला माड म्हणतात. माडावर चढून नारळ काढणारा तो पाडेली. पण नारळ पाडणे एवढेच त्याचे काम नव्हे. तो माडाचा वैद्यच आहे.

वर गेला की तो शेंडा तपासतो. वाळलेल्या झावळ्या तोडतो, कचरा काढतो. कोवळ्या पानाच्या बुडाशी भोक दिसले, की गेंड्या भुंगा आत शिरला असे समजावे. तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढतात. हा भुंगा शेणाच्या उकिरड्यात वाढतो. म्हणून खालची सफाईही हवी.

घरी पाडेलीची बायकोही रिकामी बसत नाही. ती झावळ्यांची झापे विणते, हिरांच्या केरसुण्या बांधते. पण तिचे चित्त माडावर असते. पावसाने खोड निसरडे होते. पाय सटकला, तर घराचा आधारच गेला.

म्हणून पाडेलीदादा, कमरेला दोर बांधल्याशिवाय चढू नका. आता माडावर चढण्याचे यंत्र मिळते, ते शिकून घ्या. नारळ विकास मंडळाचा अपघात विमा असतो, त्याची चौकशी करा. आणि बागायतदारांनो, पाऊस पडत असता त्याला ‘चढ’ म्हणू नका. नारळ उद्याही काढता येतील. गेलेला माणूस परत येत नाही.