अवतरण, अंकित आणि आवृत्ती : तौलनिक अभ्यासातील संदर्भनिर्देश

संदर्भनिर्देश हा लेखाच्या शेवटी उरकावयाचा उपचार आहे, अशी समजूत संशोधनलेखनात अनेकदा आढळते. मात्र मराठी अभंग आणि कन्नड वचन यांसारख्या, मौखिक परंपरेतून हस्तलिखितांत व तेथून मुद्रणात आलेल्या रचनांची तुलना करताना तो युक्तिवादाचाच भाग ठरतो. नेमक्या कोणत्या पाठांची तुलना होत आहे, हे त्यावरूनच निश्चित होते.

तुकारामांच्या अभंगाचा केवळ क्रमांक देणे पुरेसे नाही. इंदुप्रकाश छापखान्याने १८६९ व १८७३ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेली गाथा, ४६०७ अभंगांची १९५० ची शासकीय गाथा आणि वारकरी परंपरेतील इतर गाथा यांतील क्रम एकसारखा नाही. एका गाथेतील क्रमांक दुसऱ्या गाथेत भिन्न अभंगाकडे नेतो. ज्ञानेश्वरीच्या बाबतीतही वि. का. राजवाडे यांची १९०९ ची प्रत आणि शके १५०६ मधील एकनाथांच्या शुद्धीकरणाशी नाते सांगणाऱ्या प्रती यांत ओवीसंख्या व पाठ सर्वत्र जुळत नाहीत. म्हणून अध्याय व ओवी यांसोबत प्रतीचाही निर्देश आवश्यक असतो.

वचनांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. अभंगाच्या अखेरीस सामान्यतः कवीची नाममुद्रा येते. वचनात मात्र बहुधा इष्टदेवतेचे नाम 'अंकित' म्हणून येते आणि त्यावरूनच वचनकाराची ओळख पटते. बसवण्णांचे परंपरामान्य अंकित 'कूडलसंगमदेव' हे होय. माते महादेवी यांनी संपादित केलेल्या 'बसव वचन दीप्ति' या ग्रंथात त्याच्या जागी 'लिंगदेव' असे नाम योजिले गेले. कर्नाटक शासनाने १९९८ मध्ये तो ग्रंथ सरकारजमा करण्याचा आदेश काढला व २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. ग्रंथबंदी योग्य की अयोग्य, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. अभ्यासकाने यातून घ्यावयाचा बोध वेगळा आहे : त्या ग्रंथातील वचन अक्षरशः अचूक उतरवूनही आवृत्तीचे नाव न दिल्यास अवतरण दिशाभूल करणारे ठरते. नाममुद्रा आणि अंकित यांच्या तुलनेवर आधारलेला निष्कर्ष तर मुळातूनच ढासळतो.

अनुवादातून उद्धृत करताना जबाबदारी दुहेरी होते. ए. के. रामानुजन यांनी 'स्पीकिंग ऑफ शिव' (१९७३) मध्ये बसवण्णांच्या वचनांना एस. एस. बसवनाळ यांच्या कन्नड संपादनातील क्रमांक दिले; त्यामुळे वाचकाला मुळापर्यंत पोहोचता येते. त्यांनी अंकिताचाही अनुवाद केला असून त्याचा आशय 'नद्यांच्या संगमाचा स्वामी' असा होतो. मराठी अभ्यासकाने हा इंग्रजी शब्दप्रयोग पुन्हा मराठीत आणून तो बसवण्णांचा म्हणून दिला, तर विशेषनामाचे रूपक होते आणि नसलेली प्रतिमा मूळ कवीच्या नावावर जमा होते. अशा वेळी अनुवादकाचे नाव व मूळ संपादनातील क्रमांक हे दोन्ही द्यावेत. मूळ पडताळण्यासाठी एम. एम. कलबुर्गी यांच्या प्रधान संपादकत्वाखाली १९९३ मध्ये बंगळूरहून प्रसिद्ध झालेला पंधरा खंडांचा 'समग्र वचन संपुट' उपलब्ध आहे.

यावरून काही नियम संभवतात. अवतरणात मूळ लेखन तसेच ठेवावे. गाळलेला भाग टिंबांनी, तर स्वतः घातलेला शब्द चौकटी कंसात दाखवावा. दुसऱ्याच्या ग्रंथातून घेतलेले अवतरण मूळ ग्रंथ पाहिल्याप्रमाणे देऊ नये. ज्या ग्रंथातून ते घेतले, त्याचाच निर्देश करावा. कन्नडमधील ऱ्हस्व 'ए' व 'ओ' यांसाठी रूढ मराठी लेखनात स्वतंत्र चिन्हे नसल्याने स्वीकारलेली लिप्यंतरपद्धती आरंभीच नमूद करावी. केवळ प्रामाणिकपणाचा पुरावा म्हणून हे नियम पाळावयाचे नाहीत. कन्नड न जाणणाऱ्या मराठी वाचकाला, किंवा मराठी न जाणणाऱ्या कन्नड वाचकालाही, जाणकाराच्या मदतीने निष्कर्ष तपासता यावा, ही सोय त्यांमुळेच होते. आणि अशी तपासणी शक्य नसेल तेथे तुलना हे केवळ लेखकाचे मत उरते.