दोन माणसांची तक्रार

महाराष्ट्राच्या विधानसभा मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते. याच पहिल्या मतदारसंघात, सातपुड्याच्या कुशीत, नर्मदेच्या काठी मणिबेली आहे. सागाचे खांब, बांबूच्या कुडाला मातीचा गिलावा, वर कौलं अशी घरं. उतारावर ज्वारी-मक्याची शेती, जोडीला जंगलातला मोह आणि डिंक. सरदार सरोवराच्या पाण्याखाली महाराष्ट्राची ३३ गावं येणार होती, त्यांतलं सर्वांत आधी बुडालेलं गाव हेच. जागतिक बँकेच्या वॉशिंग्टनमधल्या मुख्यालयात आज जे तपासणी मंडळ आहे, त्याच्या जन्माला नर्मदेच्या खोऱ्यातली अशी गावंच कारण झाली.

बँकेने १९८५ मध्ये सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. विस्थापितांच्या पुनर्वसनाची आणि आदिवासींच्या संरक्षणाची बँकेची स्वतःची धोरणं तेव्हा लागू होती. तरी पुनर्वसनाचा नीट आराखडा हाती नसताना कर्जाच्या करारावर सह्या झाल्या. नर्मदा लवादाने १९७९ मध्ये जमीनधारक कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देण्याचा निवाडा दिला होता. पण अक्कलकुवा-अक्राणीकडचे कितीतरी आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसत होते आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंद ‘अतिक्रमणदार’ अशी होती. सातबारा नाही म्हणून जमिनीचा हक्क नाही, असा हा हिशेब होता. या प्रश्नाचा खरा गाभा मला इथेच दिसतो.

१९९१ पासून दर पावसाळ्यात मणिबेलीत सत्याग्रह झाला. नर्मदा बचाव आंदोलनाची ‘नर्मदाई’ ही झोपडी इथेच, पाण्याच्या वाटेवर उभी होती. घरं हलवण्यासाठी पोलीस बंदोबस्त यायचा. काही कुटुंबं गुजरातेत पुनर्वसनाला गेली, काही जागची हलली नाहीत. १९९३ च्या पावसाळ्यात घरांत पाणी शिरलं, तेव्हा जागेवर ठाण मांडलेल्यांना पोलिसांनी पकडून बाहेर काढलं. ‘डूबेंगे पर हटेंगे नहीं’ ही घोषणा तिथे लोक प्रत्यक्ष जगले.

या दडपणाखाली बँकेला आपल्याच प्रकल्पाची तपासणी बाहेरच्या माणसांकडून करून घ्यावी लागली. बँकेच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफोर्ड मोर्स आणि कॅनडाचे विधिज्ञ थॉमस बर्जर यांनी जून १९९२ मध्ये अहवाल दिला. पुनर्वसनात बँकेने आपलेच नियम मोडले आहेत आणि आता तिने मागे हटून नव्याने विचार करावा, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. संचालकांनी तरीही ऑक्टोबरमध्ये अटी घालून कर्ज चालू ठेवलं. मार्च १९९३ अखेर भारत सरकारनेच उरलेले १७ कोटी डॉलर नकोत असं कळवलं. धरणाचं काम मात्र थांबलं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २२ सप्टेंबर १९९३ रोजी, बँकेच्या संचालकांनी तपासणी मंडळ स्थापन करण्याचा ठराव केला. मंडळात तीन सदस्य. मुदत पाच वर्षांची, पुन्हा नेमणूक नाही, आणि मुदत संपल्यावर बँकेत नोकरीही नाही, म्हणजे पुढच्या पदाच्या आशेने कुणाची लेखणी अडखळायला नको. प्रकल्पाची झळ बसलेली कुठलीही दोन किंवा अधिक माणसं इथे अर्ज करू शकतात.

ही तरतूद केवढी मोठी आहे, हे त्याच काळातल्या दुसऱ्या संस्थेकडे पाहिलं की कळतं. तेव्हा आपली वर्तमानपत्रं जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावाने भरलेली असत. एप्रिल १९९४ मध्ये मराकेशला त्या करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. तिथल्या तंटा निवारणात फिर्याद करू शकतं ते फक्त सदस्य सरकार. विदर्भातल्या कापूस उत्पादकाचं नुकसान झालं, तरी त्याच्या वतीने दिल्लीने उठायचं ठरवलं तरच त्याचा प्रश्न जिनिव्हात पोचणार. आणि सरकारच विरोधात उभं असेल तर त्याने कुठे जायचं? तपासणी मंडळाने निदान एका संस्थेपुरतं याचं उत्तर दिलं.

मंडळापुढे पहिलं प्रकरण आलं ते नेपाळच्या अरुण-३ जलविद्युत प्रकल्पाचं. ऑगस्ट १९९५ मध्ये बँकेने त्यातून अंग काढून घेतलं. सिंगरौलीच्या औष्णिक वीज प्रकल्पाच्या तक्रारीत मात्र भारत सरकारने आक्षेप घेतला आणि चौकशी वॉशिंग्टनमधल्या कागदपत्रांपुरतीच राहिली.

मराठी वाचकाला जवळचं प्रकरण मुंबईचं आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात रेल्वे आणि जोडरस्त्यांसाठी सुमारे १,२०,००० माणसं हलवायची होती. २००४ मध्ये कुर्ल्याच्या बाजूच्या दुकानदारांनी मंडळाकडे अर्ज केले. वर्षानुवर्षं जम बसलेला धंदा सोडून दूरच्या वसाहतीत २२५ चौरस फुटांच्या गाळ्यात नव्याने मांडायचा, हे त्यांना परवडणारं नव्हतं. मंडळाने चौकशी केली, दुकानदारांच्या प्रश्नाकडे झालेलं दुर्लक्ष दाखवून दिलं आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाचे पैसे रोखले. जूनअखेर ते पुन्हा सुरू झाले. चार महिने का होईना, गाळेवाल्यांच्या कागदाने बँकेची तिजोरी अडवली.

मंडळाचे हात तोकडे आहेत, हेही सांगायला हवं. ते भरपाई देऊ शकत नाही, प्रकल्प थांबवू शकत नाही, सरकारला जाब विचारू शकत नाही. बँकेने आपले नियम पाळले की नाही, एवढंच ते तपासतं. पुढचा निर्णय संचालकांचा. आणि मणिबेलीला तर या मंडळाचा काहीच उपयोग झाला नाही. मंडळ जन्मलं तेव्हा सरदार सरोवराचं कर्ज रद्द होऊन गेलं होतं. ज्यांच्या लढ्याने ही सोय झाली, त्यांनाच ती वापरता आली नाही, हा अन्याय मला आजही डाचतो.

१९९४ मध्ये बँकेला ५० वर्षं होत असताना ४४ देशांतल्या ३२६ संस्था-संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये अशी मागणी केली. भरपाईसाठी निधी उभारा, आजवरच्या धरणांची स्वतंत्र तपासणी करा, हेही त्यांनी मागितलं. त्या मागणीपत्राला नाव दिलं ‘मणिबेली जाहीरनामा’. पुढे १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग नेमला गेला, त्यात नर्मदा बचाव आंदोलनाच्या मेधा पाटकर सदस्य होत्या.

सरदार सरोवराची उंची आता १३८.६८ मीटर आहे. मंडळही चालू आहे, आणि जागतिक बँकेचा पैसा महाराष्ट्रात ‘पोकरा’, ‘स्मार्ट’ अशा कृषी प्रकल्पांतून गावोगाव पोचतो आहे. त्यातल्या एखाद्या प्रकल्पाने तुमच्या गावाचं नुकसान होत असेल, तर आधी बँकेच्या अधिकाऱ्यांना लेखी कळवा. दाद लागली नाही तर दोघांनी मिळून मंडळाकडे अर्ज करा. तो मराठीत लिहिलेला चालतो आणि नावं गुप्त ठेवण्याची विनंतीही करता येते. फक्त मुदत सांभाळा: २०२० च्या दुरुस्तीनंतर कर्ज बंद झाल्यापासून १५ महिन्यांपर्यंतच अर्ज घेतला जातो.