मिटणारी चाकं आणि काळी जमीन

अहिल्यानगरच्या व्हीआरडीईचं, म्हणजे संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन आणि विकास संस्थेचं नाव काढलं की जिल्ह्यातल्या माणसाला लष्करी गाड्या आठवतात. या संस्थेचं विमानाशीही नातं आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. ‘निशांत’ या वैमानिकरहित टेहळणी विमानासाठी देशी बनावटीचं व्हँकेल इंजिन घडलं, त्यात बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई या संस्थांबरोबर व्हीआरडीईचा मोठा वाटा होता. 55 अश्वशक्तीचं, सुमारे 30 किलो वजनाचं ते इंजिन घेऊन निशांत 29 मार्च 2009 रोजी कोलारला उडालं.

त्या विमानाला चाकं नव्हती. ट्रकवरच्या लाँचरवरून ते हवेत फेकलं जाई आणि काम संपलं की पॅराशूटने खाली येई. पुढे त्याचीच चाकं असलेली आवृत्ती झाली, ‘पंछी’. तिचं पहिलं उड्डाण 24 डिसेंबर 2014 चं. ‘तापस’ या त्याहून मोठ्या विमानाला मात्र पोटात मिटणारी चाकं लागली. तीन टन वर्गातली ही यंत्रणा चेन्नईच्या सीव्हीआरडीईने विकसित केली आणि एप्रिल 2021 मध्ये सुपूर्द केली. ही संस्था मूळची रणगाड्यांची. विमानाचे पाय रणगाडेवाल्यांनी करावेत यात मला काही नवल वाटत नाही. चाक आलं की जमीन आली, आणि जमीन कशी मारते हे गाडी करणाऱ्यालाच नीट कळतं.

बिनचाकी, पक्क्या चाकांचं आणि मिटणाऱ्या चाकांचं, या तीन पायऱ्या रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवणारा माणूसही चढतो. आधी हाताने फेकायचं फोमचं विमान, मग तारेच्या पायांचं, आणि मग कधीतरी ‘रिट्रॅक्ट’ बसवलेलं, ज्याचे पाय उड्डाणानंतर पंखात शिरतात. तिसऱ्या पायरीवर अडचणी सुरू होतात. विमान वर गेलं, पण एकच चाक मिटलं. उतरताना दोन्ही बाहेर आली, पण टेकताच एक पाय मुडपला. जमिनीवर दहादा चाललेली यंत्रणा हवेत अडकली. अशा वेळी बहुतेक जण मोटर बदलतात. माझं म्हणणं असं की मोटर सर्वांत शेवटी पाहावी. तपासणी जमिनीपासून वर चढत जावी, आणि श्रीरामपूरसारख्या गावात तर तशीच जावी.

श्रीरामपूर दौंड-मनमाड लोहमार्गावर वसलेलं. गाव श्रीरामपूर, स्टेशन बेलापूर. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं, प्रवरेच्या पाटांना भरवशाचं पाणी आलं आणि इथली काळी माती उसाखाली गेली. ही माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पावसाळ्यात ती चाकाला थरावर थर चिकटते. वैशाखात तिचं पीठ होतं आणि ते प्रत्येक फटीत जातं. पेरणीसाठी जसा वाफसा लागतो, तसा विमानाच्या चाकालाही लागतो. तो वर्षातून थोडेच दिवस मिळतो. म्हणून इथे उडवायचं तर मुरमाचा पट्टा किंवा दाबलेलं माळरान शोधावं लागतं, आणि तिथेही खडे आणि ढेकळं असतातच.

ढेकळाचं गणित मांडून पाहण्यासारखं आहे. 50 मिलिमीटर व्यासाचं चाक 5 मिलिमीटर उंचीच्या खड्यावर अगदी सावकाश चढवायचं तर त्यावरच्या वजनाच्या पाऊणपट आडवा जोर लागतो. खडा 10 मिलिमीटरचा झाला की जोर वजनाच्या सव्वापटीच्याही वर जातो. चाक 80 मिलिमीटरचं घेतलं तर हेच आकडे साधारण 0.55 आणि 0.88 वर येतात. आता तीन किलोचं विमान धरा. एकेका पायावर दीड किलो. लहान चाक, लहान खडा. आडवा जोर सव्वा किलोच्या आत. पण पाय 12 सेंटिमीटर लांब असेल आणि यंत्रणेचे पुढचे-मागचे स्क्रू एकमेकांपासून दोनच सेंटिमीटरवर असतील, तर त्या स्क्रूंवर पावणेसात किलोच्या आसपास ओढ येते. हे सावकाश लोटताना. वेगात टेकताना किती येत असेल याची कल्पना करावी. नुसत्या बाल्साच्या लाकडात रोवलेला स्क्रू ही ओढ फार दिवस सोसत नाही.

म्हणून पहिली तपासणी चाकाची आणि तारेची. विमान पालथं करून डोळा पायाच्या रेषेत आणावा. स्टीलची तार एका दणक्यात दोन-तीन अंश मागे वाकते. उभ्या विमानात ते दिसतही नाही. पण पाय मिटताना चाक आपल्या खाचेत न बसता तिच्या काठाला घासतं. तार काढून सपाट फरशीवर ठेवून सरळ करावी. यंत्रणेत असतानाच पक्कडीने वाकवू नये, कारण तो सगळा पीळ आतल्या खिळीवर जातो. चाकाची पुढची बाजू किंचित आत वळलेली असावी, एक-दोन अंश. बाहेर वळलेली चाकं विमानाला धावताना भरकटवतात आणि पायावर आडवा ताण आणतात. तार धरणाऱ्या ग्रब स्क्रूखाली तारेवर कानशीने सपाट जागा केलेली नसेल, तर पाय आज ना उद्या फिरणारच.

दुसरी तपासणी बैठकीची, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक कोडी इथे सुटतात. यंत्रणा ज्या दोन लाकडी पट्ट्यांवर बसते त्या एका पातळीत नसतील, तर चारही स्क्रू आवळताच तिची चौकट पिळते. चौकट पिळली की आत फिरणारा ट्रनिअन अडतो. परीक्षा सोपी आहे. स्क्रू अर्धा-एक फेरा सैल करावेत आणि पाय मिटवून पाहावा. अडलेला पाय मोकळा चालला, तर मोटरला दोष नाही. उंच-सखल पट्टीखाली पातळ प्लायवूडची चकती घालावी. पट्ट्या बर्च प्लायवूडच्या असाव्यात आणि इपॉक्सीने पंखाच्या फासळ्यांना बांधलेल्या असाव्यात. विरलेलं भोक सायनो-गोंदाने घट्ट करता येतं, पण तो तात्पुरता उपाय.

आता खुद्द यंत्रणा. जुनी पद्धत सर्व्होची: खास रिट्रॅक्ट सर्व्हो 180 अंश फिरतो आणि दांड्याने पाय ओढतो. तिचा प्राण कुलूप आहे. स्कूटरचं मधलं स्टँड जसं मध्यबिंदूच्या पुढे जाऊन टेकतं आणि गाडीचं वजनच त्याला घट्ट धरतं, तसं पाय उघडल्यावर आतली खीळ खाचेच्या वळणापलीकडे गेली पाहिजे. मग जमिनीचा धक्का सर्व्होपर्यंत पोचत नाही. टेकताच पाय मुडपत असेल, तर खीळ वळणाच्या अलीकडेच थांबते आहे. दांडा अर्धा-एक फेरा लांब किंवा आखूड करून पाहावा. उलट, पाय पूर्ण उघडूनही सर्व्हो गुणगुणत राहिला, तर दांडा गरजेपेक्षा जास्त ढकलतो आहे. ती गुणगुण बॅटरी खाते आणि शेवटी सर्व्हो जाळते.

हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेत टाकी साधारण 100 पीएसआयपर्यंत भरतात. तिचा एकच शत्रू, गळती. टाकी भरून, दाब मोजून ठेवावा आणि काही तासांनी पुन्हा मोजावा. उतरला असेल तर प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावावं. बहुधा ओ-रिंग सुकलेली असते किंवा तिच्यावर धुळीचा कण असतो. साफ करून सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. इथल्या उन्हात बंद गाडीत ठेवलेलं विमान उडवण्याआधी नळ्याही पाहाव्यात, मऊ पडलेली नळी वळणावर चिमटते.

हल्ली बहुतेकांकडे विजेची यंत्रणा असते. छोटी मोटर आटे पाडलेला दांडा फिरवते, त्यावरची नट सरकते आणि पाय वळतो. शेवटाला पोचल्यावर थांबायचं कसं? बऱ्याच यंत्रणांत त्यासाठी वेगळं बटण नसतं. नट टोकाला अडली की मोटरचा प्रवाह वाढतो आणि सर्किट त्यावरून मोटर बंद करतं. ही युक्ती सुंदर आहे, आणि बहुतेक गैरसमजांचं मूळही तिच्यातच आहे. वाटेत कुठेही अडथळा आला तरी सर्किटला तो प्रवासाचा शेवटच वाटतो. चाक खाचेला घासलं, चौकट पिळली, आट्यांत माती गेली, की पाय अर्ध्यात थांबतो आणि माणूस मोटरला नावं ठेवतो. म्हणूनच मोटरची पाळी शेवटी.

आट्यांना घट्ट ग्रीस लावू नये. काळ्या मातीचं पीठ त्यात बसलं की पॉलिशची लगदी होते. आधी मऊ ब्रशने आटे कोरडे साफ करावेत, मग टेफ्लॉन किंवा ग्रॅफाइटचं कोरडं वंगण. एवढं करूनही एकच पाय अडत असेल, तर डाव्या-उजव्याच्या वायरी अदलाबदल कराव्यात. दोष वायरीबरोबर दुसरीकडे गेला तर तो रिसीव्हरच्या बाजूचा, त्याच पायात राहिला तर त्या पायाचा. दोन्ही पाय एकदम मंदावले तर रिसीव्हरला मिळणारा विजेचा दाब मोजावा. फ्लॅप, रडर आणि पाय हे सगळे रिसीव्हरला वीज पुरवणाऱ्या एकाच बीईसीवर लादलेले असतात, आणि पाय हलताना तो दाब खचतो.

जमिनीवर चालणारी यंत्रणा हवेत का अडते? वाऱ्यामुळे. पुढच्या दिशेने मिटणारा पाय वाऱ्याच्या विरुद्ध जातो. वेगात आणि वळणात हा भार कितीतरी वाढतो. पाय सरळ उड्डाणात, वेग कमी करून मिटवावेत. 1920 च्या गॉर्डन बेनेट शर्यतीतल्या डेटन-राइट विमानाला वैमानिक हाताने दांडा फिरवून चाकं मिटवी. रशियाच्या आय-16 लढाऊ विमानाला त्यासाठी चाळिसावर फेरे लागत. त्या वैमानिकांच्या दंडाला जो भार जाणवे, तोच आपल्या नखाएवढ्या मोटरला जाणवतो.

एकच पाय उघडला तर काय करावं? दोन-तीनदा मिटवून-उघडून पाहावं. थोडा सूर मारून विमान वर खेचलं की अडकलेला पाय वजनाने कधी कधी सुटतो. नाहीच सुटला तर दोन्ही मिटवावेत, मोटर बंद करावी आणि गवतावर पोटावर उतरवावं. एका पायावर उतरलेलं विमान पंख टेकून गरगर फिरतं. मात्र उसात उतरवू नये. डोक्यावर गेलेल्या फडात विमान सापडायला तोडणीची वाट पाहावी लागते.

कुठे उडवायचं हा प्रश्नही आहेच. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतची, शिक्षण किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवायची मॉडेल विमानं वेगळी मानली आहेत. त्यांना टाइप सर्टिफिकेट लागत नाही. काकडी गावातलं शिर्डी विमानतळ 2017 पासून चालू आहे. विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरच्या पट्ट्यावर निर्बंध असतात. श्रीरामपूर त्याबाहेर पडतं, तरी उडवण्याआधी सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळावरचा नकाशा पाहावा. शेजारच्या राहुरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठात शेतीच्या ड्रोनचं प्रशिक्षण चालतं. ते ड्रोन पक्क्या दांड्यांवर उभे राहतात आणि मिटण्याच्या भानगडीत पडत नाहीत. फवारणीसाठी ते बरोबरच आहे.

दुरुस्ती झाल्यावर विमान थेट पट्ट्यावर नेऊ नये. स्टँडवर ठेवून वीस वेळा पाय मिटवावेत-उघडावेत. उघडल्यावर स्प्रिंग काट्याने चाक मागे ओढून कुलूप टिकतं का पाहावं. मग गुरुत्वमध्य तपासावा, आणि तो पाय मिटलेल्या स्थितीत. दोन्ही पायांचं मिळून दीडशे ग्रॅम वजन मिटताना 10 सेंटिमीटर मागे सरकलं, तर तीन किलोच्या विमानाचा मध्य 5 मिलिमीटर मागे जातो. तेवढ्याने चांगलं उडणारं विमान नाक वर करू लागतं. बॅटरी पुढे सरकवून तो जागेवर आणावा, आणि त्यानंतरच ट्रान्समीटर घेऊन मुरमाच्या पट्ट्याकडे निघावं.