धड अमेरिकेचं, डोकं फ्रान्सचं!

ऑफिसमधल्या मित्रांना मी अधूनमधून एक कोडं घालतो. एका रणगाड्याचा फोटो दाखवायचा आणि विचारायचं, ‘बोल, कोणता?’ एक जण खालचा भाग बघून सांगतो, ‘शर्मन! अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धातला.’ दुसरा वरचा भाग बघून म्हणतो, ‘छे, हा तर फ्रेंच एएमएक्स-१३.’ मग दोघांची जुंपते. आणि गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात!

हा इजिप्तचा संकरित शर्मन. नरसिंहाचं कसं, धड एकाचं आणि डोकं दुसऱ्याचं? तसंच. पण हे काही कोणाच्या हौसेपोटी झालेलं नाही. १९५० साली अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मध्यपूर्वेतल्या शस्त्रविक्रीला लगाम घालायचं ठरवलं. नवा रणगाडा मिळणं मुश्कील, आणि हाताशी होते ते महायुद्धातले जुने शर्मन. त्यांची तोफ आता कमी पडत होती. मग काय, जुन्या गाडीला नवं इंजिन आणि नवं टप! आपल्याकडे याला जुगाड म्हणतात.

आता तुम्हीच ओळखा. फंडा सोपा आहे, खालून वर जायचं.

पायरी एक : चाकांमधली जागा

शर्मनला प्रत्येक बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या तीन जोड्यांत. बहुतेक शर्मनमध्ये या जोड्या एकमेकींना खेटून असतात. इथे मात्र मधे चांगली मोकळी जागा दिसते. म्हणजे हा एम-४ए४ प्रकार. त्यात क्रायस्लर कंपनीने मोटारींची पाच इंजिनं एकत्र जोडून ३० सिलिंडरचं एक अगडबंब इंजिन बनवलं होतं. ते मावावं म्हणून धड सुमारे २८ सेंटिमीटरने लांबवलं. ट्रॅकमध्येही ७९ऐवजी ८३ कड्या आल्या.

पायरी दोन : पाठ

आता मागे जा. पाठीमागचा भाग ए४चा नाही, एम-४ए२चा आहे! इजिप्तने ते ३० सिलिंडरचं प्रकरण काढून त्याजागी जनरल मोटर्सची जोड डिझेल इंजिनं बसवली होती. म्हणजे डोक्यापर्यंत पोचायच्या आधीच संकर सुरू झालाय.

पायरी तीन : डोकं

रणगाड्याच्या वरच्या फिरत्या भागाला टरेट म्हणतात. नेहमीच्या टरेटमध्ये तोफ तेवढी वर-खाली होते. फ्रेंचांच्या एफएल-१० टरेटमध्ये तोफेसकट अख्खा वरचा अर्धा भागच झुलतो. दोन भागांच्या मधे रबरी घडीदार पट्टा दिसला, की समजायचं हाच तो. फायदा असा, की तोफ आणि तिच्यात गोळे भरणारं यंत्र कायम एका रेषेत राहतं. सहा-सहा गोळ्यांची दोन फिरती नळकांडी, एकूण बारा गोळे, धडाधड. तेरावा हवा असेल तर मागे हटायचं आणि नळकांडी बाहेरून भरायची. ऐन लढाईत!

आणि तो ट्रक?

फोटोत रणगाडा ट्रेलरवर असेल तर अर्धं उत्तर ट्रकच देतो. रणगाडा लांबवर स्वतःच्या ट्रॅकवर नेला की ट्रॅक झिजतात आणि इंधनाचा धूर होतो, म्हणून त्याला पाठुंगळी घेऊन जायचं. शर्मनचं वजन ३० टनांच्या पुढे, म्हणजे ट्रकही तसाच दांडगा लागणार. शर्मनच्या काळातले दोन ट्रक लक्षात ठेवा. लांबलचक बॉनेट, मागे २४ चाकांचा ट्रेलर, तो डायमंड टी. हर्क्युलिस डिझेल इंजिन, ताकद सुमारे २०० अश्वशक्ती, वेग जेमतेम ताशी ३७ किलोमीटर. आणि पुढे चिलखती, चपट्या तोंडाची केबिन असेल तर तो एम-२६. सैनिक त्याला ‘ड्रॅगन वॅगन’ म्हणत. त्याच्या मागच्या चाकांना चक्क साखळीने गती मिळते, आपल्या सायकलसारखी. याच ट्रकची बिनचिलखती केबिनवाली आवृत्तीही होती, त्यामुळे फक्त केबिन बघून निकाल देऊ नका, साखळी शोधा.

हे ओळखून करायचंय काय?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर १९५६च्या सिनाईतल्या लढाईत आहे.

या संकरित शर्मनवरची ७५ मिलिमीटरची तोफ मुळात जर्मनांच्या पँथर रणगाड्याच्या तोफेवर बेतलेली. फ्रान्सने तीच तोफ इस्रायललाही दिली. इस्रायलने ती आपल्या शर्मनमध्ये बसवली, फक्त जुनंच टरेट वाढवून. त्याला एम-५० म्हणतात. म्हणजे समोरासमोरच्या दोन शत्रूंकडे धड अमेरिकेचं तेच आणि तोफ फ्रान्सची तीच! धुळीत, लांबून, दोन सेकंदांत काय ओळखणार? त्याच युद्धात अबू अगेला इथे इस्रायलच्या एका ब्रिगेडच्या रणगाड्यांनी आपल्याच दुसऱ्या ब्रिगेडच्या रणगाड्यांना शत्रू समजून गोळे घातले. आत बसलेली माणसं त्यांचीच होती. टरेटचा आकार, चाकांमधली जागा हे सगळे तपशील तिथे जीव वाचवतात किंवा घेतात.

आपणही यातून सुटलेलो नाही. १९६५च्या युद्धात भारत आणि पाकिस्तान दोघांकडेही शर्मन होते. असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटनसमोर आपली डेक्कन हॉर्स शर्मन घेऊनच उभी होती. भारताने फ्रान्सकडून एएमएक्स-१३ घेतले होते, आणि आपल्या काही शर्मनवर तीच ७५ मिलिमीटरची फ्रेंच तोफ चढवली होती. पुढे विजयंता रणगाड्याच्या लांबवलेल्या धडावर रशियन १३० मिलिमीटरची तोफ बसवून आपण ‘कॅटापल्ट’ केली, तीही याच कुळातली.

इजिप्तचं म्हणाल, तर १९५५ साली चेकोस्लोव्हाकियाशी शस्त्रकरार झाला, सोव्हिएत रणगाडे यायला लागले आणि या संकरित शर्मनची गरज संपत गेली. त्यातला एक आज जेरुसलेम आणि तेल अवीवच्या मधे, लाट्रुनच्या रणगाडा संग्रहालयात उभा आहे. अमेरिकेत जन्मला, फ्रान्सचं डोकं ल्याला, इजिप्तकडून लढला आणि आता शत्रूच्या अंगणात लहान मुलं त्याच्यासमोर फोटो काढतात.

तेवढ्या लांब जायला नको. अहिल्यानगरचं, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचं, कॅव्हलरी टँक म्युझियम १९९४ पासून आहे आणि पुण्याहून साधारण १२० किलोमीटरवर. मॉल-मल्टिप्लेक्सचा कंटाळा आला असेल तर एक रविवार तिकडे काढा. मात्र तिथे गेल्यावर आधी पाटी वाचू नका. चाकं मोजा, मधली जागा बघा, मागे जाऊन पाठ बघा, टरेट बघा, मनात उत्तर ठरवा आणि मगच पाटीकडे वळा. बरोबर आलं तर जाम भारी वाटतं!