नागाची वेटोळी आणि दोन देवास

धारच्या भोजशाळेत खांबावर एक नाग कोरलेला आहे. दुरून नुसती नक्षी वाटते. जवळ गेलं की वेटोळ्यांत अक्षरं दिसू लागतात: संस्कृतची वर्णमाला आणि व्याकरणाचे प्रत्यय. याला सर्पबंध म्हणतात. परमारांच्या काळातला हा दगडी फळा. इथले शिलालेख विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांपुढे आणले ते धार संस्थानातले शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी.

मला नवल वाटतं ते अक्षरांच्या रांगेचं. क घशात, च टाळूला, ट मूर्ध्यावर, त दातांशी, प ओठांवर. म्हणून पाहा, आवाज आतून बाहेर चालत येतो. एवढा देखणा क्रम, पण पाणिनीच्या कामाला तो पुरेना. नियम आटोपशीर व्हावेत म्हणून शिवसूत्रांत तीच अक्षरं वेगळ्या रांगेत उभी आहेत.

डेटाबेसमधल्या तक्त्याला तर स्वतःची रांगच नसते. ‘ऑर्डर बाय’ न लिहिता नोंदी मागवल्या, तर त्या आज आल्या तशाच उद्या येतील याची हमी नाही. छोट्या तक्त्यात बहुधा तशाच येतात, आणि तिथेच माणूस गाफील राहतो.

बरं, ‘ऑर्डर बाय आडनाव’ लिहिलं. आता अक्षरांचा क्रम कुणाचा? युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे: ल 2354, ळ 2355, व 2357, ह 2361. नुसत्या क्रमांकांनी लावलं तर यादी येते काळे, कावळे, काशीकर. आपण मात्र शाळेत ह, ळ, क्ष, ज्ञ असं घोकलेलं. त्या हिशेबाने कावळे, काशीकर आणि मग काळे. क्षीरसागरांची गंमत याहून मोठी. संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्ताची खूण आणि ष. त्यामुळे यादीच्या शेवटी शोधायचे ते क्षीरसागर कुलकर्ण्यांनंतर, खऱ्यांच्या आधी बसलेले सापडतात. यावर उपाय म्हणजे कोलेशन, कुठल्या भाषेच्या रिवाजाने लावायचं ते डेटाबेसला सांगणं. मराठी यादीला मराठी कोलेशन द्यावं. ळ आणि क्ष आपापल्या जागी जातात.

आता समजा, माळव्यातल्या पवारांच्या संस्थानांचा तक्ता केला. नावाने लावला तर आधी देवास, मग धार. पण देवास दोनदा येतं! तुकोजी आणि जिवाजी या भावांच्या दोन गाद्या एकाच गावात नांदल्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. नाव एकच, म्हणून पहिली कोणती हे डेटाबेसच्या मर्जीवर. दुसरी अट म्हणून तोफांच्या सलामीचा रकाना जोडला, तरी सुटका नाही: दोघांनाही 15 तोफा. (धारलाही 15च.) ‘ऑर्डर बाय नाव, सलामी, पाती’ असं तिसरं नाव घेतल्यावर कुठे निकाल लागतो.

थोरली पहिली येते. मान म्हणून नव्हे. थ हा ध-च्या आधी येतो म्हणून. शेवटच्या रकान्यापुढे ‘डेस्क’, म्हणजे उलटा क्रम, लिहा, की धाकटी वर.